वरचा डावा कोपरा

जयवंत घाडीगावकरांचं आडनाव आयुष्यभर कुठल्याच चौकटीत धड मावलं नाही. शाळेच्या हजेरीपटावर मास्तरांनी 'घाडी' लिहून पुढे टिंब दिलं. रेशनकार्डावर 'गावकर' खालच्या ओळीत उतरलं. परळच्या ज्या इस्पितळात त्यांनी केसपेपरच्या खिडकीमागे सगळी नोकरी काढली, तिथे छातीवरच्या बिल्ल्यावर 'ज. घाडीगाव' एवढंच आलं आणि पेशंट त्यांना 'ओ गाववाले' अशी हाक मारू लागले. जयवंतरावांनी ते मनाला लावून घेतलं नाही, पण विसरलेही नाहीत.

मग इस्पितळात कॉम्प्युटर आले. ट्रेनिंग द्यायला आलेल्या बाईंनी प्रत्येकाला एक्सेलमध्ये आपलं नाव आणि शेजारी खातं लिहायला सांगितलं. जयवंतरावांनी नाव लिहिलं, शेजारी 'बाह्यरुग्ण विभाग' लिहिलं आणि आडनाव नेहमीसारखं अर्ध्यावर कापलं गेलं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"जातंय कुठे? आतच असतं. फक्त दिसत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कॉलमची कड धरून ओढली आणि आडनाव शेवटच्या 'र'पर्यंत अख्खं बाहेर आलं. मग बाईंनी मथळ्याच्या ओळीतल्या काही चौकटी धरून आणखी एक बटण दाबलं. मर्ज अँड सेंटर. मधल्या भिंती पडल्या आणि मथळा ऐसपैस मधोमध जाऊन बसला.

त्या दुपारी जयवंतराव डबा उघडायला विसरले.

तेव्हापासून त्यांच्या मनात दोन समजुती पक्क्या बसल्या. एक, एक्सेलमध्ये टाकलेलं काही हरवत नाही, ते आत असतं. आणि दुसरी, मर्ज केल्याशिवाय कागदाला शोभा येत नाही. त्यांनी ड्युटीचे तक्ते मर्ज केले, मंडळाच्या आरतीच्या पाळ्या मर्ज केल्या, मुलाच्या, सौमित्रच्या, लग्नातल्या पंगती मर्ज केल्या. रिटायर झाल्यावर घरच्या किराण्याची फाइल केली, तिच्यात 'डाळी' हा शब्द तूर, मूग, मसूर आणि उडीद यांच्या डोक्यावर छत्रीसारखा पसरला होता.

सौमित्रची बायको प्रिती लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करायची. दिवसभर तिचं काम एक्सेलमध्येच. लग्नानंतर तिने ती किराण्याची फाइल पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवली.

"बाबा," शेवटी ती जपून म्हणाली, "हे मर्ज केलेलं असलं ना, की सॉर्ट होत नाही."

"मुगाला सॉर्ट कशाला करायचंय?"

"मूग नाही, फाइल."

"दिसते छान की नाही?"

"दिसते छान," प्रिती म्हणाली, आणि तिथून पुढे सासरे-सुनेत जो काही वाद होता तो एवढाच राहिला. बाकी दोघांचं उत्तम जमायचं. सासूबाई, म्हणजे कमल, दोघांचं ऐकून घ्यायची आणि वाण्याला फोन करून तोंडीच यादी सांगायची.

हे सगळं कुटुंब डिलाईल रोडवरच्या गांगेश्वर चाळीतलं. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्याचंही नाव गांगेश्वरच राहिलं, आणि चाळकरी लिफ्टने वर-खाली करू लागले. नवी अडचण मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. चाळीत कोण कुठे राहतं हे पाटीवाचून सगळ्यांना माहीत होतं. दारं उघडी असायची आणि आवाज ओळखीचे असायचे. इथे सगळी दारं सारखी, सगळी बंद. परबांकडे निघालेला पाहुणा नाईकांकडे चहा पिऊन यायचा, आणि एकदा तर सत्यनारायणाचे भटजी भलत्याच घरात जाऊन चौरंग मागू लागले.

तेव्हा सोसायटीच्या सभेत ठरलं की खाली लॉबीत नावांचा मोठा बोर्ड लावायचा. अध्यक्ष चिंतामणी सावंत यांना भाषणाची हौस. ते उभं राहून म्हणाले, "घर दोघांच्या नावावर आहे, तर पाटीवरही नवरा-बायको दोघांचं नाव यायला पाहिजे. जमाना बदललाय!" टाळ्या झाल्या. बायकांनी जास्त वाजवल्या. "आणि हे काम आपले सेक्रेटरी जयवंतराव करतील. त्यांचा एक्सेलवर हात बसलेला आहे."

जयवंतरावांनी मान खाली घालून हसून घेतलं. असं कोणी चारचौघांत म्हटलेलं त्यांना फार आवडायचं.

मजल्यामजल्यावरून नावं व्हॉट्सॲपवर आली. जयवंतरावांनी ती नीट भरून घेतली. पहिल्या कॉलममध्ये नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात बायकोचं, तिसऱ्यात आडनाव. भरून झाल्यावर त्यांनी जरा मागे सरकून पाहिलं. नवरा एका चौकटीत, बायको दुसऱ्या चौकटीत, मध्ये रेघ. हे काही बरोबर दिसेना. सभेत ठरलं होतं दोघांचं एकत्र. आणि एकत्र करायचं बटण तर त्यांच्या हातातलं होतं.

प्रिती ऑफिसला गेली होती. ती घरी असती तर पुन्हा सॉर्टचं काढून बसली असती, म्हणून त्यांनी दुपारच गाठली. एकेक जोडपं धरलं आणि मर्ज अँड सेंटर दाबलं. प्रत्येक वेळी एक छोटी खिडकी उघडून इंग्रजीत काहीतरी विचारायची. जयवंतराव ओके म्हणायचे. एवढ्या वेळा अदबीने विचारणारं यंत्र त्यांना आवडूनच गेलं. फक्त कालिंदीबाई राणे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नाईकांच्या आजी यांच्या ओळींना खिडकी आली नाही, कारण दोघींचे यजमान हयात नव्हते आणि पहिली चौकट रिकामीच होती. त्या दोघी विनातक्रार मधोमध जाऊन बसल्या.

मर्ज झाल्यावर प्रत्येक ठिकाणी एकच नाव दिसत होतं, हे जयवंतरावांना दिसलं नाही असं नाही. पण त्यांना ट्रेनिंगच्या बाई आठवल्या. आत असतं, फक्त दिसत नाही. स्वतःचं आडनाव त्यांनी कितीदा असं कापलेलं पाहिलं होतं आणि कितीदा ओढून बाहेर काढलं होतं. त्यांनी फाइल सेव्ह केली, व्हॉट्सॲपवरचे निरोप फोन भरला म्हणून पुसून टाकले आणि फाइल लालबागच्या रघुला पाठवून दिली.

रघु पाट्या करायचा. कामाला पक्का माणूस. त्याने फोन केला.

"काका, बोर्डावर बायकांची नावं टाकायची होती ना? मला तर पुरुषच दिसतायत."

"बायका आत आहेत रे," जयवंतराव म्हणाले. "तू मोठं केलंस की येतील बाहेर."

रघुला वाटलं, बायका आत स्वयंपाकघरात असतील, मोठं काही काम निघालं तर बाहेर येतील. त्याला यातलं काही कळलं नाही, पण सेक्रेटरी म्हणतायत म्हणजे असेल, असं म्हणून त्याने पट्ट्या कापायला घेतल्या.

बोर्ड आला तो रविवार होता. लॉबीत सतरंजी अंथरली होती, बोर्डावर झेंडूची माळ आणि पुढे मरून पडदा. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून उतरल्या होत्या, कारण आपलं नाव पाटीवर असं पहिल्यांदाच येत होतं. अध्यक्ष सावंत जमान्याबद्दल पुन्हा एकदा बोलले आणि त्यांनी दोरी ओढली.

काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं झळकली. गुणाजी परब. चिंतामणी सावंत. हर्षवर्धन तावडे. जयवंत घाडीगावकर. सगळी अगदी मधोमध. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरत गेल्या. बायका पुढे सरकल्या. चष्मे लागले. बोटं वरून खाली फिरली.

गुणाजी परब हे चाळीतले सगळ्यांत जुने, मिलमधून बाहेर पडले तरी मिलच्या भोंग्याएवढा आवाज राखून असलेले. ते बायकोकडे वळून पाहत म्हणाले, "जयवंता, माजी बायल खंय गेली रे?"

"आत आहे, नाना," जयवंतराव पुटपुटले, पण या वेळी त्यांच्या आवाजात तेवढी खात्री नव्हती.

"आत खंय? ही बघ हंय उभी हा!"

कोणीतरी हसलं. तेवढ्यात नाईकांच्या सुनेने शोध लावला. "अगं, आजींचं नाव आहे! आणि राणेबाईंचं पण आहे!"

हे खरं होतं. पुऱ्या बोर्डावर बायका दोनच, आणि दोघीही विधवा. कालिंदीबाई म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. अर्ध्या चाळीला त्यांनी बाराखडी शिकवलेली, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि निवांतपणे म्हणाल्या, "नियम कळला का गं, पोरींनो? पाटीवर यायचं असेल तर आधी नवऱ्याला वर पाठवायचं."

मग जो हशा उसळला तो लिफ्टच्या वाटेने वरच्या मजल्यांपर्यंत गेला. पुरुष हसले, पण जरा बेतानेच. कमलने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"संध्याकाळी तुमच्या बीपीच्या गोळीचं मी बघते हं," ती म्हणाली.

घरी आल्यावर प्रितीने लॅपटॉप मांडीवर घेतला. ती हसली नाही, याचंच जयवंतरावांना जास्त वाईट वाटलं.

"बाबा, हे बघा. मी भिंत परत उभी करते." तिने मर्ज काढलं. "आता सांगा, तुमच्या शेजारच्या चौकटीत कोण आहे?"

जयवंतरावांनी पाहिलं. चौकट कोरी होती. त्यांनी हात पुढे करून कॉलमची कड धरली आणि ओढली. आणखी ओढली. कमल बाहेर आली नाही.

"कोणी नाही," ते म्हणाले.

"मर्ज म्हणजे जोडणं नाही, बाबा. दोघांची जागा एक होते, पण माणूस एकच राहतो. तुम्हाला एक खिडकी आली असेल."

"आली ना. दर वेळी आली."

"तिच्यात काय लिहिलं होतं?"

"आता इंग्रजीत काहीतरी... मी ओके म्हटलं."

"त्यात लिहिलं होतं, वरच्या डाव्या कोपऱ्यातलं तेवढं ठेवते, बाकीचं टाकून देते."

"एवढं स्पष्ट?"

"दर वेळी."

कमल भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि दर वेळी हे ओके म्हणाले. घरात मी काही विचारलं तर एवढ्या पटकन कधी म्हणत नाहीत."

सोमवारी सकाळी जयवंतराव दूध आणायला खाली उतरले तेव्हा बोर्डापाशी वॉचमन तोंडाला रुमाल लावून उभा होता. बोर्डावर प्रत्येक नवऱ्याच्या नावापुढे एकेक टिकली चिकटवलेली होती. लाल, मरून, काळी, खड्यांची, सापासारखी नागमोडी. गुणाजी परबांपुढे रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. अध्यक्ष सावंतांपुढे दोन टिकल्या, एक मोठी आणि तिच्याखाली एक बारीक, सावंतवहिनी लावायच्या तशीच. आणि जयवंत घाडीगावकर यांच्यापुढे मध्यम आकाराची मरून टिकली होती, जी रोज सकाळी आरशाच्या कडेला चिकटवलेली त्यांना दिसायची.

"कोणी केलं हे?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"साब, पूरा लेडीज लोग था. वो टीचरमॅडम सबसे आगे."

कालिंदीबाई कपाळाला टिकली लावायच्या, यजमान, दत्ताराम राणे, गेल्यावरही. कोणी बोललंच तर त्या म्हणायच्या, मी शाळेत असल्यापासून लावते, तेव्हा हे कुठे होते? त्यांच्या स्वतःच्या नावापुढे मात्र टिकली नव्हती, तिथे आधीच नाव होतं.

जयवंतरावांनी अध्यक्षांना फोन केला. दोघांचं ठरलं की ऑफिसच्या कपाटात घरांची कागदपत्रं आहेत, त्यातून बायकांची नावं काढायची आणि गुपचूप नव्या पट्ट्या बसवायच्या. पण गुपचूप हा शब्द त्या टॉवरला चाळीतून येतानाच माहीत नव्हता. संध्याकाळी कालिंदीबाई तीन-चार जणींना घेऊन दारात हजर.

"घाडीगावकर," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आडनाव नेहमी पूर्ण यायचं. "कपाट उघडायचं नाही. प्रत्येक दारात जायचं, बेल वाजवायची आणि विचारायचं, आपलं नाव काय."

"बाई, अहो, मी सगळ्यांना ओळखतो."

"हो? परबांच्या सुनेचं नाव सांगा."

जयवंतरावांनी तोंड उघडलं. ती मुलगी लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिला पाहत होते, तिच्या बाळंतपणात इस्पितळात केसपेपर त्यांनीच रांगेशिवाय काढून दिला होता. "ती... आमच्या नीलेशची..." ते म्हणाले आणि थांबले.

"उद्यापासून सुरुवात करा," बाई म्हणाल्या.

तर असे जयवंतराव वही-पेन न घेता, प्रितीने फोनवर उघडून दिलेली कोरी फाइल घेऊन मजलेमजले फिरले. बायकांनी त्यांना सोडलं नाही. एकीने दार उघडून "ओळखा बघू," म्हणून अर्ध्यातच लावून घेतलं. दुसरीने आधी कांदेपोहे खायला घातले आणि मग "नाव घेऊ की सांगू?" असं विचारून उखाणाच घेतला, त्यात नवऱ्याचं नाव आलं, तिचं आलंच नाही, आणि जयवंतरावांना पुन्हा विचारावं लागलं. तावड्यांच्या घरात हर्षवर्धनने बायकोचं नाव स्वतः सांगायला सुरुवात केली, तर ती आतून ओरडली, "माझ्या नावाला माझं तोंड आहे!" वरच्या मजल्यावर वेगळं घर असलेल्या परबांच्या सुनेचं नाव अक्षदा निघालं. ती हसून म्हणाली, "काका, केसपेपरवर तुम्हीच लिहिलं होतंत." त्यावर जयवंतरावांनी पाणी मागितलं.

मोठा घोटाळा गुणाजींच्या घरी झाला. त्यांची बायको म्हणाली, "कागदावर शेवंती आसा. पण ता सासऱ्यान ठेवलेला. माजा खरा नाव सुंदरा."

गुणाजी पेपर खाली ठेवून बघायला लागले. "कोण सुंदरा?"

"मी!"

"इतकी वर्सां बोललंस नाय ती?"

"तुमी इचारल्यात कधी?"

म्हातारा जयवंतरावांकडे वळून हळूच म्हणाला, "लिव सुंदरा. नाव बरा आसा." आणि पेपर परत तोंडासमोर धरला, पण पान काही उलटलं नाही.

घरी आल्यावर जयवंतरावांनी सोफ्यावर बसकण मारली आणि शेवटच्या रिकाम्या चौकटीत 'कमल' लिहायला घेतलं.

"काय लिहिताय?" कमलने विचारलं.

"तुझं नाव."

"विचारलंत?"

"अगं, आता तुलाही—"

"बाहेर जा. बेल वाजवा."

प्रितीने लॅपटॉपच्या आड तोंड लपवलं. जयवंतराव चप्पल घालून खरंच बाहेर गेले. दार लागलं. त्यांनी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने, म्हणजे पदर नीट करायला लागतो तेवढ्या वेळाने, कमलने दार उघडलं.

"आपलं नाव काय?" जयवंतरावांनी विचारलं आणि ऐन साठीत त्यांचे कान लाल झाले.

"लग्नात ताम्हणातल्या तांदळावर तुम्ही कमल लिहिलंत. तुमच्या आत्याने सांगितलं होतं, छोटं नाव ठेवा, आडनाव आधीच लांब आहे. माहेरचं माझं नाव मंदाकिनी."

हे त्यांना माहीत होतं, म्हणजे कधीतरी माहीत होतं. लग्नपत्रिकेवर छापलेलं होतं. त्यानंतर कोणी ते उच्चारलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"मंदाकिनी घाडीगावकर," ते म्हणाले. दोन्ही मिळून बरंच लांब होत होतं.

"बसलं असतं का पाटीवर?"

"कॉलम रुंद केला असता," जयवंतराव म्हणाले.

कमल त्यांच्याकडे पाहत राहिली. मग दारातून बाजूला होत म्हणाली, "कमलच लिहा. आता तेच माझं झालंय. पण विचारलंत ते बरं केलंत. या आत, चहा टाकलाय."

त्या रात्रीच्या जेवणाआधी प्रितीने सासऱ्यांना जोडायचं शिकवलं. "बरोबरचं चिन्ह द्या. मग पहिली चौकट. मग हे अँडचं चिन्ह. मग दुसरी चौकट. जुन्या चौकटी जिथल्या तिथे राहतात, जोडलेलं नाव तिसरीकडे नवं तयार होतं. कोणी कोणाला खात नाही."

जयवंतरावांनी केलं. नव्या चौकटीत 'जयवंतकमल' आलं.

"हे तर एखाद्या औषधाचं नाव वाटतं."

"मध्ये जागा तुम्ही द्यायला हवी. ते आपण होऊन देत नाही. अवतरणचिन्हांत जागा टाका, किंवा 'व' टाका, दोन्ही बाजूंना जागा सोडून."

त्यांनी 'व' टाकला. पुढे तशीच जागा सोडून आडनाव जोडलं. 'जयवंत व कमल घाडीगावकर.' सगळं होतं, काही कापलेलं नव्हतं. जयवंतराव बघत राहिले, मग त्या चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला आणि टॉवरभरची जोडपी एका दमात जोडली गेली. "अरे वा," ते म्हणाले, आणि मर्जशिवाय दुसऱ्या कशाला ते 'अरे वा' म्हणतात हे प्रितीने पहिल्यांदाच ऐकलं.

छापायच्या आधी या वेळी त्यांनी कागद काढून सगळ्यांना दाखवला. लॉबीत परत सभा. बायकांनी वाचलं, माना डोलावल्या आणि मग कालिंदीबाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण त्या डाव्या कोपऱ्यात अजून तुम्हीच बसलायत."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा कोणी ओके दाबलं तर आम्हीच जाणार. आम्हाला आधी घ्या."

अध्यक्ष सावंत उभे राहिले आणि प्रथेबद्दल काही बोलणार होते. सावंतवहिनींनी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "जमाना बदललाय," आणि खाली बसले. जयवंतरावांनी तिथेच फोनवर दोन चौकटींची अदलाबदल केली आणि कोपरा ओढला. सुंदरा व गुणाजी परब. कमल व जयवंत घाडीगावकर. काम एवढं सोपं आहे याचं पुरुषमंडळींना जरा आश्चर्यच वाटलं.

सगळे पांगल्यावर जयवंतराव सोसायटीच्या ऑफिसातून नव्याने काढून आणलेल्या कागदावर शेवटची नजर टाकत होते, तेव्हा त्यांना ते दिसलं. ज्यांच्या नवऱ्याची चौकट रिकामी होती, त्यांच्याही नावापुढे सूत्राने इमानेइतबारे 'व' घातला होता. 'कालिंदी व', मग रिकामी जागा, मग 'राणे'. तसंच नाईकांच्या आजींचं. जयवंतरावांना घामच फुटला. एकदा विधवांवरून हसं झालं होतं, आता हे. नाईकांच्या आजी अजून लिफ्टपाशीच होत्या. त्यांनी कागद न पाहताच "माझा तो व काढून टाका हो, कुठे कोणाची वाट बघू," म्हणून सांगितलं. राहिल्या बाई. त्या जयवंतरावांच्या शेजारी तो नवा कागद वाचतच उभ्या होत्या.

"बाई, ती चूक आहे," ते घाईने म्हणाले. "प्रितीला विचारलं की ती सांगेल कसा काढायचा. आता करतो."

"काय चूक आहे?"

"तो व. पुढे कोणी नाही ना."

बाईंनी कागद लांब धरला. "आमचे हे," त्या म्हणाल्या, "कुठेही वेळेवर आले नाहीत. मिलची पाळी सुटली की नाक्यावर गप्पा, मग भजन, मग घर. मी ताट झाकून ठेवायची. नवं घर बघायलाही थांबले नाहीत." त्या जरा हसल्या. "त्यांची जागा ठेवलीय ती असू दे की. कोणाचं काही अडतंय का?"

"लोक विचारतील, बाई."

"विचारू देत. मला बोलायला विषय होईल. या नव्या घरात दार लावलं की दिवसभर कोणी बोलत नाही."

जयवंतरावांना डाव्या बाजूला एवढंसं झुकलेलं अक्षरही खपायचं नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः लालबागला गेले. रघुने पट्ट्या मापून घेतल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "काका, इथे एक नाव सुटलंय. की हे पण आत आहे?"

"सुटलेलं नाही. तसंच करायचं."

"मग व काढू? मोकळी जागा वाईट दिसेल."

"काढायचा नाही," जयवंतराव म्हणाले. त्यांनी काउंटरवरची पट्टी सरळ केली आणि थोडा विचार केला. "उलट जागा जरा वाढव. एक नाव बसेल एवढी. दत्ताराम लिहायचं असतं तर जेवढी लागली असती, तेवढी."

रघुने त्यांच्याकडे पाहिलं, पण या बोर्डाच्या बाबतीत प्रश्न विचारून काही हाती लागत नाही हे त्याला आता कळलं होतं. त्याने पेन्सिलने दोन खुणा केल्या.

नवा बोर्ड लागला तेव्हा ना पडदा होता, ना भाषण. वॉचमनने स्क्रू पिळले. ज्या त्या मजल्यावरून बायका जाता-येता थांबून गेल्या, आणि अक्षदाने तर सेल्फी काढून माहेरच्या ग्रुपवर टाकली. कालिंदीबाई बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी काखेत धरली, चष्मा वर सरकवला आणि आपली ओळ वाचली. मग पदराच्या टोकाने त्या मोकळ्या जागेवरची बोटाची खूण पुसली आणि मेथी संपायच्या आत पोचायला हवं म्हणून भराभर चालायला लागल्या.